सम्प खालच्या मजल्यावर, टँक वरच्या: रिटर्न पंप कसा निवडायचा

माशांच्या टँकमधून ओसंडणारं पाणी खाली फिल्टरच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये उतरतं; ते पुन्हा वर टँकमध्ये चढवतो तो रिटर्न पंप. त्याच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: तासाला किती लिटर आणि किती मीटर उंची. दोन्ही खरे असतात, पण एकाच वेळी नाही. ‘५००० लिटर’ हा पंप फेकतो तो पाणी मुळीच चढवायचं नसताना, म्हणजे शून्य हेडवर (हेड म्हणजे पंपाला पाणी चढवावी लागते ती उंची). आणि ‘४.५ मीटर’ म्हणजे ती उंची, जिथे पाणी पाइपात नुसतं उभं राहतं, बाहेर थेंबही पडत नाही. सम्प टँकच्या खालच्या कपाटातच असला तर या घोळाकडे दुर्लक्ष केलं तरी चालून जातं. तोच सम्प जिन्याखाली, स्टोअररूममध्ये किंवा खालच्या मजल्यावर नेला, की खोक्यावरचा लिटरचा आकडा जवळजवळ निरुपयोगी होतो.

खरं तर सांगली जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचा हा जिल्हा, आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडीही इथलीच, जिथे आजही पंप बनतात. नदीवरून रानात पाणी आणणारा शेतकरी मोटारीची चौकशी करायच्या आधी चढ किती, लाईन किती फूट आणि किती इंची, हे विचारतो. त्याच घरातला हौशी पोरगा पाच फुटी टँक करतो तेव्हा मात्र ऑनलाइन लिटर बघून पंप मागवतो आणि मग पाइप कापायला घेतो. क्रम उलटा करा. जागा, ड्रेन (टँकचं पाणी खाली सम्पमध्ये आणणारा पाइप) आणि वर जाणारा पाइप आधी ठरवा. पंप सगळ्यात शेवटी.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो: पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ५ × २ × २ फुटांचा गोड्या पाण्याचा टँक, आणि तळमजल्यावरच्या खोलीत ३ × १.५ × १.५ फुटांचा सम्प. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला, रीत तीच.

पायरी १: सम्पची जागा

पहिला प्रश्न पंपाचा नाहीच, पुराचा आहे. सांगली शहरात गावभाग, हरभट रोड, मारुती चौक या पट्ट्यात राहत असाल तर तळमजल्यावर सम्प ठेवायचा विचार सोडून द्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ मध्येही पाणी गावात शिरलंच. खालचा सम्प बुडाला म्हणजे नुसता पंप जात नाही. पुराचं गढूळ पाणी फिल्टरच्या मीडियात (पाणी साफ करणारे जिवाणू ज्यावर राहतात त्या थरात) बसतं, वीज तोडलेली असते आणि वरच्या मजल्यावर मासे फिल्टरशिवाय राहतात.

अशा घरात सम्प त्याच मजल्यावर, पण लांब न्यावा: मागची बाल्कनी, मोरीजवळचा कोपरा, माळ्याखालची जागा. तिथे हेड कमी असतं, पंप छोटा पुरतो. अडचण येते ती ड्रेनची. ओव्हरफ्लोचं पाणी उतारानंच जाणार, त्यामुळे आडव्या ड्रेनला निदान आठ फुटांना एक इंच उतार द्या. २० फूट अंतर असेल तर अडीच इंच खाली उतरायला जागा हवी. मध्ये दार आलं म्हणून पाइप उंबऱ्याखाली नेऊन पुन्हा वर चढवणं टाळा. त्या खोलगट भागात पाणी साठतं, मागे हवा अडकते, ड्रेन गचके देत वाहतो आणि टँकची पातळी वरखाली होत राहते. तसा मार्ग निघत नसेल तर जागाच बदला.

फ्लॅटमध्ये स्लॅबला भोक पाडायचं असेल तर कोअर कटिंगवाल्याला बोलावण्याआधी इंजिनिअरला दाखवा. बीमला हात लावायचा नाही. आणि पार्किंगमध्ये सम्प ठेवणार असाल तर वर जाळीचं झाकण हवंच. तिथे उंदीर वायर कुरतडतात आणि उघड्या पाण्यात डास होतात.

पायरी २: तासाला किती पाणी हवं

५ × २ × २ म्हणजे २० घनफूट, म्हणजे ५६६ लिटर. वरची मोकळी जागा, वाळू, दगड वजा केले की पाणी उरतं ४८० ते ५०० लिटर. सम्पमधून तासाला टँकच्या तिप्पट ते पाचपट पाणी फिरलं तरी पुरतं. ‘दहापट पाहिजे’ असं दुकानात सांगतात, पण मजला चढवून दहापट पाणी नेणं म्हणजे विजेच्या बिलाशी वैर घेणं. टँकमध्ये जास्त हालचाल हवी असेल तर एक छोटा वेव्हमेकर टँकमध्येच लावा. तो पाणी चढवत नाही, नुसतं ढवळतो, म्हणून फार थोड्या वॅटमध्ये काम होतं.

आपण चौपट धरू: तासाला २००० लिटर. हा आकडा टँकच्या तोंडाशी मिळायला हवा. झाडांचा टँक असेल आणि कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तिपटीवर थांबा, कारण लांबच्या ड्रेनमध्ये खळखळून तो गॅस उडून जातो.

पायरी ३: खरी उंची मोजा

टेप घ्या आणि मोजा. पंप कुठे बसलाय याला महत्त्व नाही. सम्पच्या पंपाच्या कप्प्यातली पाण्याची पातळी आणि टँकमधली पाण्याची पातळी, या दोन्हींमधला उभा फरक म्हणजे स्थिर हेड. आमच्या उदाहरणात एका फरशीपासून दुसऱ्या फरशीपर्यंत १० फूट, वरचा स्टँड अडीच फूट, टँकमधलं पाणी १.८ फूट; बेरीज १४.३. त्यातून सम्पमधली पातळी खालच्या फरशीपासून १ फूट वर आहे ती वजा केली की १३.३ फूट, म्हणजे ४.०५ मीटर.

यात एक फुकटची बचत आहे. सम्पखाली आठ इंची ब्लॉकचा एक थर लावला की हेड २० सेंटिमीटरनं कमी होतं, कायमचं. खोलीची उंची आणि हात घालायची सोय बघून जेवढा वर घेता येईल तेवढा घ्या. वजन मात्र लक्षात ठेवा: १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, वर काच आणि मीडिया. स्टँड त्या हिशेबाचा असू द्या.

आडवं अंतर स्थिर हेडमध्ये धरत नाहीत, ते घर्षणात येतं. पण पाइप कुठे दाराच्या चौकटीवरून, टँकपेक्षाही उंच जात असेल तर हेड त्या सर्वांत उंच जागेपर्यंत मोजा. सुरू होताना पंपाला तिथपर्यंत पाणी ढकलावंच लागतं, आणि नंतर त्या वळणावर हवा साठली की प्रवाह मंदावतो.

पायरी ४: पाइप

पैसे खर्च करायचे ते इथे. पाइपाचा व्यास थोडा वाढला तरी घर्षण झपाट्यानं उतरतं, कारण ते साधारण व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात कमी होतं. आमच्या उदाहरणात डिलिव्हरी पाइप (पंपाकडून वर टँकमध्ये जाणारा) १० मीटर आणि सहा एल्बो (काटकोनी वळणाचे जोड) आहेत. एक एल्बो म्हणजे साधारण पाइपाच्या आतल्या व्यासाच्या ३० पट सरळ लांबी, असा ढोबळ हिशेब धरतात. तासाला २००० लिटरला घर्षणाचं हेड असं निघतं:

आतला व्यास २० मिमी: २.४ मीटर
२५ मिमी: ०.८५ मीटर
३२ मिमी: ०.३ मीटर
४० मिमी: ०.१ मीटर

२० मिमीचा पाइप टाकला तर पंपाला एका मजल्यावर जवळजवळ आणखी एक मजला चढावा लागेल. ३२ पासून ४० वर गेलं तर फायदा फक्त २० सेंटिमीटरचा. म्हणून ३२ मिमी पक्का करू. एकूण हेड ४.०५ अधिक ०.३, म्हणजे ४.३५ मीटर.

दुकानात गेल्यावर मात्र सावध. शेतीच्या पीव्हीसी पाइपाचं ‘३२ मिमी’ हे बाहेरचं माप असतं. आत २८-२९ मिमीच मिळतात. घरगुती नळकामाच्या पाइपातही एक इंची सीपीव्हीसी आतून एक इंची यूपीव्हीसीपेक्षा अरुंद असतो, जेमतेम २३ मिमी. कॅलिपर किंवा साधी पट्टी न्या आणि पाइपाच्या तोंडाला लावून आतलं माप बघा. आत ३२ मिळवायला बाहेरून ४० मिमीचा हलका पाइप किंवा सव्वा इंची यूपीव्हीसी घ्यावा लागेल.

पंपाचं तोंड तीन-चतुर्थांश इंची असलं म्हणून सगळी लाईन तेवढीच ठेवायची नसते. पंपाला लागूनच रिड्युसर लावून पाइप मोठा करा. जागा असेल तिथे एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरा. पंपाजवळ युनियन (फिरवून सोडवता येणारा जोड) आणि पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह हवाच, नाही तर पंप धुवायला काढताना दर वेळी पाइप कापावा लागेल. पितळेचे, जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) जोड या लाईनमध्ये नकोत. त्यातला तांबं-जस्ताचा अंश माशांना, त्याहून जास्त कोळंबीला आणि गोगलगायींना बाधतो. बाहेरच्या भिंतीवरून लाईन नेणार असाल तर पश्चिमेची भिंत टाळा किंवा पाइप रंगवा. उन्हानं पाइप कडक होतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी आतलं पाणीही तापतं.

ड्रेन डिलिव्हरीपेक्षा मोठाच असावा: निदान ५० मिमी, आडवा भाग लांब असेल तर ६३. आणि त्याच्या शेजारी एक दुसरा, नेहमी कोरडा राहणारा आपत्कालीन ड्रेन. पहिल्यात पान किंवा गोगलगाय अडकली तर पाणी त्यातून उतरेल. मजलाभर उंचीवरून पाणी पडताना घुरघुर आवाज होतो, म्हणून मुख्य ड्रेनच्या खालच्या टोकाला गेट व्हॉल्व्ह लावून पाइप भरलेला ठेवतात. भरलेला पाइप शांत असतो.

पायरी ५: आता पंप

आपल्याला हवंय: ४.३५ मीटरवर तासाला २००० लिटर. पंपाच्या माहितीपत्रकात हेड आणि प्रवाहाचा आलेख असेल तर आडव्या-उभ्या रेषा ओढून बिंदू शोधा. बिंदू आलेखाच्या रेषेवर किंवा खाली आला की पंप चालेल. आलेख नसेल तर ढोबळ सूत्र: जास्तीत जास्त प्रवाह × (१ − आपलं हेड ÷ जास्तीत जास्त हेड). खरा आलेख सरळ रेषेचा नसतो, पण चाळणी लावायला एवढं पुरतं.

‘५००० लिटर, ४.५ मीटर’ पंप: ५००० × (१ − ४.३५ ÷ ४.५) म्हणजे १७० लिटरही नाही. खोक्यावर ५००० वाचून घेतलेला पंप वरच्या मजल्यावर मुतखडा झालेल्यासारखा थेंबथेंब गाळेल. ‘४००० लिटर, ७ मीटर’: सुमारे १५००. ‘५५०० लिटर, ७ मीटर’: सुमारे २०८०. हा आपला. लिटर जवळपास तेवढेच असताना मीटरचा आकडा किती फरक करतो ते बघा. मजला चढवायचा असेल तर खोक्यावरचं जास्तीत जास्त हेड आपल्या एकूण हेडच्या निदान दीडपट हवं.

आकडे खरे की फेकलेले हे ताडायला वॅट बघा. लिटर × मीटर ÷ ३६७ केलं की पाण्याला मिळणारे वॅट निघतात. २००० × ४.३५ ÷ ३६७ म्हणजे जवळजवळ २४ वॅट. लहान पंपांची कार्यक्षमता साधारण पाव ते दोन पंचमांश धरली तर खरी ओढ ६० ते ९५ वॅट येणार. ‘३० वॅटमध्ये ४ मीटरवर २००० लिटर’ असा दावा दिसला की ती जाहिरात बंद करा.

परदेशी पंपावर ५० आणि ६० हर्ट्‌झ असे दोन आकडे असतील तर ५० चाच धरा. फक्त ६० हर्ट्‌झचे आकडे दिले असतील तर आपल्याकडे तोच साधा एसी पंप सुमारे १७ टक्के कमी वेगानं फिरतो. प्रवाह तेवढाच घटतो, आणि जास्तीत जास्त हेड तर सुमारे ३० टक्क्यांनी. मजल्याच्या कामात हा फरक पंपाचा निकाल लावतो.

पायरी ६: कुठल्या जातीचा

कूलरचा पंप इथे उपयोगाचा नाही, तो दोन मीटरलाच दम टाकतो. घरगुती अर्धा एचपी मोनोब्लॉक पाणी हवं तेवढं चढवेल, पण तो टाकी भरून बंद करायसाठी बनलेला असतो. चोवीस तास चालवला तर ३७० वॅटप्रमाणे महिन्याला २६६ युनिट जळतात, आणि बीडाची बॉडी पाण्यात गंज सोडते. आमचा ८० वॅटचा अॅक्वेरियम पंप महिन्याला ५७-५८ युनिट घेतो. तेही कमी नाहीत: घराचा वापर आधीच शंभरच्या आसपास असेल तर ते सगळे युनिट वरच्या, महाग टप्प्यात मोजले जातात.

सबमर्सिबल की बाहेरचा? सबमर्सिबल सोपा, गळतीची भीती कमी, आवाज कमी. पण त्याचे ८० वॅट जवळजवळ सगळे उष्णतेच्या रूपानं पाण्यात उतरतात. ६०० लिटरच्या एकूण पाण्यात ही उष्णता बाहेर पडलीच नाही असं धरलं तर दिवसाला पावणेतीन अंश चढतील. प्रत्यक्षात बाष्पीभवनानं बरीच निघून जाते, पण इथल्या उन्हाळ्यात हवाच चाळिशीला टेकते तेव्हा हे अंश जड जातात. गरम पाणी मानवणारे डिस्कस मासे पाळणाऱ्यांना चालेल, गोल्डफिशवाल्यांनी विचार करावा. बाहेरच्या पंपात बरीचशी उष्णता हवेत जाते. तो घेतलात तर सम्पच्या पाण्याच्या पातळीच्या खाली, टँक निपलमधून (सम्पच्या भिंतीत बसवलेल्या जोडातून) थेट पाणी मिळेल असा बसवा, कारण हे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत. प्रवाह कमी करायचा झाला तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबा, सक्शनचा (पंपाकडे येणाऱ्या पाण्याचा) कधीच नाही.

डीसी पंपाचा वेग कमीजास्त करता येतो, हे खरं आणि सोयीचं. पण हेड वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतं. ७ मीटरचा डीसी पंप ७० टक्के वेगावर आणला की त्याचं जास्तीत जास्त हेड उरतं साडेतीन मीटरच्या आत, आणि आपल्याला चार मीटर तर नुसते चढायचे आहेत. पाणी वर पोचणारच नाही. म्हणून मजल्याच्या कामात ‘मोठा डीसी घ्या आणि हळू चालवा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतो आणि तापतो.

पायरी ७: लाइट गेल्यावर

वळवाच्या पावसात लाइट जाणारच, तेव्हा हा हिशेब पंप लावण्याआधी करा. पंप थांबला की रिटर्नच्या तोंडापर्यंतचं टँकचं पाणी सायफननं खाली येतं. आपल्या टँकच्या पृष्ठभागावर एक इंच म्हणजे साडेतेवीस लिटर. रिटर्नचं तोंड एक इंच खोल असेल तर तेवढं; ओव्हरफ्लोच्या कडेवरून उतरणारं आणखी दहा-एक लिटर; डिलिव्हरी पाइपातलं ८ लिटर, कारण ३२ मिमी पाइपात मीटरला ०.८ लिटर मावतं. भरलेल्या ड्रेनमधलं १५-२० लिटर. एकूण साठ लिटर. आमचा १९० लिटरचा सम्प चालू असताना निम्म्यापर्यंतच भरलेला ठेवला तर ते मावतात. एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावायला हरकत नाही, पण हिशेब तो नाही असं धरूनच करा. शेवाळाचा एक धागा अडकला की तो उघडाच राहतो.

उलटही तपासा. ड्रेन तुंबला आणि पंप चालूच राहिला तर पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर येणार. तो कप्पा २८ लिटरचा असेल तर टँकच्या काठाखाली सव्वा इंचापेक्षा जास्त जागा मोकळी हवी. म्हणून हा कप्पा मोठा करायचा मोह आवरा. बाष्पीभवनासाठी जास्त पाणी हवं असेल तर वेगळ्या भांड्यातून फ्लोटनं भरा.

आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा, अर्थिंग तपासलेलं, आणि वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन वर आणलेली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळात ठिबकेल. पंपाची वायर बहुतेक वेळा तोकडी असते. जोड सम्पच्या वर नको, भिंतीवर उंच घ्या.

पायरी ८: जोडून मोजा

पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलेले जोड निदान रात्रभर वाळू द्या, मग मासे नसताना साध्या पाण्यावर चालवा. रंगाची २० लिटरची बादली वरच्या रिटर्नच्या तोंडाला धरा आणि घड्याळ लावा. ३६ सेकंदांत भरली तर तासाला २००० लिटर. ५० सेकंद लागले तर १४४०, म्हणजे तिपटीच्या जवळपास. त्यावरही टँक चालेल. सव्वा मिनिटाच्या पुढे गेलं तर पंप बदलण्याआधी लाईन बघा: अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, अडकलेली हवा, आत ओघळून घट्ट झालेलं सोल्युशन. मग मेन स्विच बंद करा आणि सम्पची पातळी कुठवर चढते ते स्केचपेननं काचेवर मार्क करा. पुन्हा चालू, पुन्हा बंद, तीन-चारदा. चालू असतानाच्या पातळीचीही खूण करा आणि रोजची भर त्या खुणेपर्यंतच घाला.

बादलीचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर काही महिन्यांत इम्पेलरवर (पंपाच्या आतल्या फिरत्या चक्रावर) पांढरा थर चढतो आणि तीच बादली भरायला जास्त वेळ लागू लागतो. पंप काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, मऊ ब्रशनं घासा, स्वच्छ धुऊन बसवा. शाफ्ट सिरॅमिकचा असेल तर हात हलका ठेवा, तो तडकन मोडतो. पंप घेतानाच जास्तीचा इम्पेलर आणि शाफ्ट मागवून ठेवा. इथल्या दुकानांत तुमच्याच मॉडेलचा मिळेल याची खात्री नाही, आणि पुण्या-मुंबईहून कुरिअर येईपर्यंत सम्पमधले जिवाणू फिरत्या पाण्याशिवाय तग धरत नाहीत. तेवढ्या दिवसांसाठी बॅटरीवरचा एक एअर पंप घरात असू द्या: त्याचा एक दगड टँकमध्ये, दुसरा सम्पच्या मीडियाखाली.